यादी घरांची नको, चुलींची करा

सरपंचताई,

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. पुन्हा एखादी साथ येऊन सगळे बंद झाले तर गावातल्या हातावर पोट असलेल्या माणसांसाठी ग्रामपंचायतीने आधी काय करायचे, त्याला पैसा कुठून आणायचा, आणि मुंबईहून येणाऱ्या आपल्याच माणसांचे काय करायचे. मी एकतीस वर्षे रत्नागिरी जिल्ह्यात ग्रामसेवक आणि पुढे विस्तार अधिकारी म्हणून काढली. त्यातली शेवटची दोन वर्षे कोरोनाची होती. उत्तर लांबेल, सवडीने वाचा.

आधी काय करायचे? यादी. ती साथ आल्यावर होत नाही, आत्ता करायची. आणि ती घरांची किंवा रेशनकार्डांची नको, चुलींची हवी.

का, ते सांगतो. ग्रामपंचायतीच्या दप्तरात, नमुना आठमध्ये, घर असते. पुरवठा शाखेकडे कार्ड असते. आपल्याकडे एका लांबलचक घराला चार दारे असतात, आत भावाभावांच्या तीन चुली असतात, घरपट्टी आजोबांच्या नावाने येते आणि कार्ड थोरल्या भावाच्या नावाने, जो नालासोपाऱ्याला राहतो. एप्रिल २०२० मध्ये गुहागर तालुक्यातल्या एका गावात मी नेमके हेच पाहिले. अशाच एका घराच्या गावातल्या दोन चुलींपैकी एकीवर विधवा भावजय आणि तिची दोन मुले, दुसरीवर म्हातारी आत्या. नावे सगळ्यांची कार्डावर होती, पण कार्ड मुंबईत. आपल्या राज्यात कुठल्याही दुकानात धान्य उचलता येते, ती सोय चांगलीच आहे. थोरल्याचे काम बंद पडले होते, त्याने तिकडे सगळ्या नावांचे धान्य उचलले. त्याचीही पोरे उपाशी होती, त्याला दोष देववत नाही. कागदावर त्या कुटुंबाचे वाटप पूर्ण झाले होते. गावात एकही वंचित कुटुंब नाही असा अहवाल वर गेला, आणि त्यावर माझी सही आहे. आत्या तेव्हा शेजाऱ्यांच्या पेजेवर जगत होती, हे मला बारा दिवसांनी आशाताईकडून, म्हणजे गावच्या आशा स्वयंसेविकेकडून, कळले.

तेव्हापासून मी चूल मोजतो. आज संध्याकाळी कोण कुणाच्या चुलीवरचे जेवणार, एवढा एकच प्रश्न विचारायचा. त्या उत्तरातून जी माणसे समोर येतात ती कुठल्याच सरकारी यादीत एकत्र सापडत नाहीत.

आता सरकारने काय दिले ते बघा. मी ते कमी लेखत नाही. २६ मार्च २०२० ला, म्हणजे टाळेबंदीच्या दुसऱ्याच दिवशी, केंद्राने १ लाख ७० हजार कोटींची योजना जाहीर केली. अन्नसुरक्षेच्या कार्डावर माणशी ५ किलो धान्य मोफत, महिलांच्या जनधन खात्यात तीन महिने ५०० रुपये, वृद्ध, विधवा आणि दिव्यांग निवृत्तिवेतनधारकांना १,००० रुपये. ते धान्य नसते तर कोकणात काय झाले असते याची कल्पना करवत नाही. पण अन्नसुरक्षेच्या यादीचा कोटा २०११ च्या जनगणनेवर ठरलेला. ग्रामीण भागात वार्षिक उत्पन्न ४४,००० च्या आत हवे. त्याहून जास्त उत्पन्नाचा माणूस केशरी कार्डवाला. त्यांच्यासाठी राज्याने मे-जूनमध्ये माणशी ३ किलो गहू ८ रुपयांनी आणि २ किलो तांदूळ १२ रुपयांनी दिला. पाच माणसांच्या चुलीला २४० रुपये. ज्याच्या हातात पाडव्यापासून दमडी आली नव्हती तो २४० रुपये कुठून आणणार? शिवाय आपल्याकडे भात खाणारी माणसे. गहू घेतला तर दळायचा कुठे, हाही प्रश्न होताच. ज्यांच्याकडे कार्डच नाही अशा स्थलांतरितांसाठी धान्याची घोषणा १४ मे रोजी झाली. तोवर सगळे बंद होऊन पन्नास दिवस उलटले होते.

हे पन्नास दिवस ग्रामपंचायतीचे असतात, ताई. वरची मदत येते, पण ती यायला लागणारा काळ आपणच भरून काढायचा असतो. म्हणून पहिल्या आठवड्याचे तुमचे काम वरच्या योजनेची वाट बघण्याचे नाही.

दुसरी गोष्ट वरच्यांना कधीच नीट दिसत नाही, ती म्हणजे आपले पंचांग. कोकणातला मजूर वर्षभर सारखे कमावत नाही. शिमग्यापासून मिरगापर्यंत जे कमावतो त्यावर पावसाळा काढतो. आंबा काढणी, पेट्या भरणे, काजू बी, बंदरावरचे काम, सुकवलेली मासळी, लग्नसराई, मे महिन्यातले पर्यटक, सगळे याच तीन महिन्यांत. मेच्या शेवटी आगोट भरायची: तांदूळ, डाळ, मीठ, मिरची, सुके, लाकूडफाटा. आगोट भरली की बाई निश्चिंत. त्या वर्षी पाडव्याच्या दिवशीच सगळे बंद झाले. आंब्याचा मोठा बागायतदार ओळखीने मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांत थेट पेट्या पोचवून कसाबसा तरला, पण पेट्या भरणाऱ्या बाईला बोलावणे आले नाही. होड्या किनाऱ्याला लागल्या, खलाशाला वाट्याने पैसे मिळतात, मासळी नाही तर वाटा नाही. आणि जनधनचे ५०० रुपये एप्रिल, मे, जून असे तीन महिने येऊन थांबले, म्हणजे नेमके पाऊस सुरू झाला तेव्हा. त्या वर्षी राज्यात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २३८ रुपये होती. महिन्याचे ५०० म्हणजे जेमतेम दोन दिवसांची मजुरी. धान्याची मुदत पुढे नोव्हेंबरपर्यंत वाढवली हे फार बरे झाले, पण तेल, मीठ, औषध धान्याने येत नाही. माझे ठाम मत आहे की कोकणात रोख मदत द्यायची तर ती आगोटीच्या वेळी एकदम आणि आषाढ-श्रावणात पुन्हा द्यायला हवी. हे तुमच्या हातात नाही, पण ठराव करून वर पाठवणे आहे. पाठवा.

त्यात ३ जूनला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात धडकले. दापोली-मंडणगडातल्या सुपारीच्या वाड्यासुद्धा झोपल्या. भरपाई सातबाऱ्यावर नाव असलेल्याला मिळते. सुपारी सोलून पोट भरणाऱ्या बायकांचे नाव सातबाऱ्यावर कसे असेल? वाडी पडली तेव्हा मालकाची झाडे गेली आणि या बायकांची पुढच्या कित्येक वर्षांची रोजी गेली. पंचनाम्याच्या नमुन्यात त्यांच्यासाठी रकानाच नव्हता. पुढच्या वर्षी मेमध्ये तौक्ते आले आणि जुलैत चिपळूण बुडाले. म्हणून साथीची तयारी निराळी आणि वादळाची निराळी असे करू नका. चुलींची यादी एकच, दोन्हीकडे चालते.

आता ज्यांना मी डोळ्यांत तेल घालून शोधा म्हणेन अशा माणसांबद्दल.

पहिले कातकरी. राज्यातल्या तीन आदिम जमातींपैकी एक. रायगडात जास्त, आपल्याकडे खेड, दापोली, मंडणगडात आहेत. दिवाळीच्या आसपास उचल घेऊन वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर जायचे, उन्हाळ्याच्या शेवटी हिशेब करून परत यायचे, हा त्यांचा क्रम. मार्च २०२० मध्ये भट्ट्या थांबल्या आणि हिशेब अर्धवट राहिले. मालक म्हणाला, उचल फिटली नाही, पुढच्या वर्षी बघू. म्हणजे साथीचा सगळा तोटा कर्ज होऊन मजुराच्या डोक्यावर चढला. याबद्दल मी तेव्हा बोललो नाही, आता बोलतो: उचलीपोटी माणसाला कामाला बांधून ठेवणे १९७६ च्या वेठबिगारी कायद्याने गुन्हा आहे. अशी तक्रार आली की ती ग्रामपंचायतीत मिटवू नका, लेखी तहसीलदारांकडे पाठवा. सरकारने आदिवासींची खावटी मदत पुन्हा सुरू केली, कुटुंबाला ४,००० रुपये, निम्मे रोख आणि निम्मे वस्तूंत. निर्णय २०२० च्या पावसाळ्याच्या शेवटी झाला, वस्तू हातात पडायला पुढचे वर्ष उजाडले. तोवर त्या वाडीने खेकडे आणि कंदमुळांवर दिवस काढले.

दुसरे बागेतले राखणदार. हापूसच्या कलमांची राखण आपल्याकडे बहुतेक नेपाळी माणसे करतात. दिवाळीनंतर येतात, सड्यावरच्या, म्हणजे वरच्या कातळी पठारावरच्या, बागेत पत्र्याच्या खोपीत बायकापोरांसह राहतात, आंबा संपला की जातात. गावाला ते दिसतात पण गावाच्या हिशेबात कुठेच नसतात. नेपाळने मार्च २०२० मध्ये सीमा बंद केली आणि ही माणसे इथेच अडकली. रेशनकार्ड नाही, आधार नाही, त्यामुळे कुठलीच योजना लागू नाही. परराज्यातल्या मजुरांसाठीचा तेव्हाचा १९७९ चा कायदाही पाच किंवा अधिक मजूर असतील तरच लागू व्हायचा, आणि बागेत असतात दोघे. आठ-दहा दिवसांनी बागवाल्यांनी हात वर केले असे काही ठिकाणी झाले. काही मालकांनी मात्र जूनपर्यंत घरचे तांदूळ पुरवले, तेही मी पाहिले आहे. तुम्ही एक साधी नोंदवही ठेवा: बाग कुणाची, माणसे किती, लहान मुले किती, मालकाचा फोन. दिवाळीनंतर शिपायाला एकदा सड्यावर पाठवले की झाले. चिरेखाणीवर कर्नाटकातले मजूर असतात, बंदरावर परराज्यातले खलाशी असतात, तेही याच वहीत.

तिसरी माणसे अशी, की त्यांना गरीब म्हणायला गावच तयार नसतो. मुलगा मुंबईला आहे म्हणून ज्यांचे ठीक चालले आहे असे आपण धरतो ते म्हातारे आईबाप. निराधार योजनेला वार्षिक उत्पन्नाची अट २१,००० रुपये, त्यात कमावता मुलगा दिसला की दाखला मिळत नाही. पण मुलगा मुंबईत रोजंदारीवर असतो, टाळेबंदीत त्याचाच पगार बंद पडतो, आणि पाठोपाठ गावातली चूल थंड होते. कोकणची अर्थव्यवस्था गिरणीच्या काळापासून मुंबईच्या पगारावर उभी आहे. मुंबई थांबली की इथली निम्मी म्हातारी माणसे आपोआप निराधार होतात, अर्ज न करता. यादीत त्यांच्यापुढे वेगळी खूण करा.

मदत कुणापर्यंत पोचते याचा आणखी एक अनुभव २०२१ चा. एप्रिलमध्ये दुसऱ्या लाटेचे निर्बंध लावताना राज्याने ५,४७६ कोटींचे पॅकेज सोबतच दिले. आधीच्या वर्षापेक्षा हे शहाणपणाचे होते, निर्बंध आणि मदत एकाच दिवशी जाहीर झाली. शिवभोजन थाळी मोफत केली. बांधकाम मजूर, घरकामगार, फेरीवाले, परवानाधारक रिक्षावाले यांना प्रत्येकी १,५०० रुपये. पण प्रत्येकाच्या आधी शब्द होता ‘नोंदणीकृत’ नाहीतर ‘परवानाधारक’. फेरीवाल्याची नोंदणी नगरपरिषद करते. आपल्या गावात टोपली डोक्यावर घेऊन वाडीवाडीत मासे विकणारी कोळीण कुणाकडे नोंदवणार? बांधकाम मजुराला वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. आमच्या काळात तो ग्रामसेवकालाही देता येत होता, आणि उद्या चौकशी लागेल या भीतीने आमच्यातले कित्येक जण देत नव्हते. मीही बरेच अर्ज परत पाठवले. ते गवंडी आणि त्यांच्या हाताखालच्या बायका २०२० चे २,००० आणि २०२१ चे १,५०० दोन्हींना मुकल्या. याचे मला आजही वाईट वाटते. तुमच्या ग्रामसेवकाला सांगा, गावात कोण गवंडीकाम करते हे सगळ्या गावाला माहीत असते. मासिक सभेत नावे वाचून ठराव घ्या आणि दाखला द्या. चांगल्या दिवसांत केलेली नोंदणी हीच वाईट दिवसातली मदत असते.

बँकेचेही एक बघून ठेवा. सरकारी पैसा आधारला जोडलेल्या खात्यात जातो, आणि माणसाची खाती चार असली तर ज्याला शेवटी आधार जोडले त्याच खात्यात. बाई जनधनचे पुस्तक घेऊन बँकेत सात किलोमीटर चालत जाते आणि पैसे आलेच नाहीत ऐकून परत येते. ते पडलेले असतात तिसऱ्याच बँकेत, बचत गटाच्या वेळी उघडलेल्या खात्यात. असे एका वाडीत अकरा बायकांचे झाले होते. शेवटी पोस्टमनने यंत्रावर अंगठे घेऊन ओटीवर पैसे मोजून दिले. पोस्टमन आणि बँक सखी यांची गावात फेरी कुठल्या वारी, हे आधीच ठरवून ठेवा. अंगठा न उमटणाऱ्या म्हाताऱ्यांची नावे रेशन दुकानातून आत्ताच घ्या.

पैशाचे विचारलेत. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातला १० टक्के महिला-बालकल्याणावर, ५ टक्के दिव्यांगांवर आणि १५ टक्के मागासवर्गीयांवर खर्च करायचाच असतो. हा पैसा मार्चअखेरीस घाईघाईने खुर्च्या-सतरंज्यांवर जातो हे तुम्हीही पाहिले असेल. त्यातला भाग आकस्मिक मदतीसाठी ठेवण्याचा ठराव आधी घ्या आणि गटविकास अधिकाऱ्यांकडून लेखी मार्गदर्शन मागा, म्हणजे ऐन वेळी लेखापरीक्षणाच्या भीतीने कुणाचा हात आखडत नाही. रक्कम वाटते तेवढी मोठी लागत नाही. समजा गावात कुठल्याच योजनेत न बसणारी ६० माणसे निघाली. माणशी रोज ४०० ग्रॅम तांदूळ, तीन आठवडे: पाच क्विंटल. डाळ रोज ५० ग्रॅम धरली तर ६३ किलो. पाच क्विंटल तांदूळ गावातल्याच शेतकऱ्यांकडून महिला बचत गटामार्फत घेता येतो. मुंबई मंडळाकडे, म्हणजे गावच्या मुंबईकरांच्या मंडळाकडे, देवळाच्या जीर्णोद्धाराला लाखांनी वर्गणी जमते, त्याच मंडळाला या साठ्यासाठी हाक मारा. ती माणसे नाही म्हणत नाहीत, पण मागताना आकडा आणि नावांची संख्या समोर ठेवावी लागते.

यावरून चाकरमान्यांवर, म्हणजे मुंबईहून येणाऱ्या आपल्या माणसांवर, येतो. शहरातून साथीला भिऊन गावाकडे येणे आपल्याला नवे नाही. १८९६ च्या मुंबईच्या प्लेगातही शहर रिकामे होऊन लोक आपापल्या मुलखात परतले होते, आणि ज्या साथरोग कायद्याखाली १३ मार्च २०२० ला आदेश निघाले तो १८९७ चा कायदा त्या प्लेगातूनच आला. तरीही २०२० मध्ये कित्येक गावांनी रस्त्यात झाडे आडवी टाकली. गावकीने ठराव केले. ताई, गाव बंद करण्याचा अधिकार ना गावकीला आहे ना ग्रामपंचायतीला. तो जिल्हाधिकाऱ्यांचा आहे. आणि आडव्या टाकलेल्या झाडाने चाकरमानी अडत नाही, तो पाणंदीने येतो. अडते ती बाळंतपणाला निघालेली बाई. बाधित घराशी बोलणे, विहिरीवर येणे बंद केले तर ते वाळीत टाकणेच आहे, आणि त्याविरुद्ध राज्यात २०१६ चा कायदा आहे. तो कायदा आणायला रायगड-रत्नागिरीतल्या घटनाही कारण होत्या, हे आपण विसरू नये.

करायचे ते असे: शाळा विलगीकरणाला देताना बायकांची व्यवस्था वेगळी करा, संडास आणि पाणी आधी तपासा. आमच्याकडे एका शाळेत चौदा बायकांना एक संडास होता, आणि त्या दिवसाकाठी पाणीच पीत नव्हत्या. ज्यांचे घर मोठे त्यांना पडवीत वेगळे राहू द्या. त्या वर्षी गणपती २२ ऑगस्टला होते आणि दहा दिवसांच्या विलगीकरणासाठी १२ ऑगस्टच्या आत पोचा असा आदेश निघाला, त्यामुळे सगळी गर्दी एकाच आठवड्यात आली. नियम ठरवताना तारखेच्या महिनाभर आधी बोला, मुंबई मंडळाच्या दोन माणसांना फोनवर सभेत घ्या. जो येणार आहे तो आपल्या यादीतल्याच चुलीवर जेवणार आहे, म्हणून त्याच्या येण्याने कुठल्या चुलीला तांदूळ कमी पडेल हेही तेव्हाच कळते.

लशीचे थोडक्यात: मे २०२१ मध्ये १८ ते ४४ वयासाठी आधी ऑनलाइन नोंदणी लागत होती. सड्यावर रेंज नाही, आणि आपल्या आरोग्य केंद्रातल्या जागा शहरातली माणसे गाडीने येऊन घेऊन गेली. पुन्हा तसे झाले तर वाडीनिहाय तारखा मागा, दुसऱ्या दिवसापासून मागा.

मृत्यूच्या कागदांना मात्र वेळ द्या. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर कोरोनाने गेलेल्यांच्या वारसांना ५०,००० रुपये मिळाले, पण चाचणीचा कागद लागायचा. घरी गेलेल्यांचे कागद नव्हते, कारण घरच्यांनी गाव काय म्हणेल या भीतीने चाचणीच केली नव्हती. वाळीत टाकण्याची भीती अशी विधवेच्या पदरातले पैसे खाऊन गेली. मृत्यूची नोंद २१ दिवसांत ग्रामपंचायतीत विनाशुल्क होते; उशीर झाला की तालुक्याच्या फेऱ्या सुरू. त्या घरी माणूस पाठवून नोंद करून घ्या, वारस बाईच्या नावाचे खाते आहे ना बघा.

यादी शिमगा उतरल्यावर एकदा आणि दिवाळीनंतर एकदा नवी करा. ती फळ्यावर लावू नका, व्हॉट्सअॅपवर तर मुळीच नको. विलगीकरणातल्यांची नावे आमच्याकडे अशीच फिरली होती. एक प्रत कार्यालयात आणि एक आशाताईकडे ठेवा. सरपंच बदलतात. २०२० मध्ये राज्यातल्या हजारो ग्रामपंचायतींची मुदत संपून प्रशासक बसले होते, १४,२३४ ठिकाणच्या निवडणुका जानेवारी २०२१ मध्ये झाल्या, आणि एकेका प्रशासकाकडे इतकी गावे की त्याला वाड्यांची नावेही ठाऊक नव्हती. आशाताई मात्र तीच होती.

पहिल्या फेरीला मला बोलवा, मी येईन. गावठाण आणि कोळीवाडा एका दिवसात होईल, सड्यावरच्या बागांना दुसरा दिवस लागेल. कातकरीवाडीला संध्याकाळी, दिवे लागल्यावर जाऊ. दिवसा तिथे कुणी भेटत नाही.